देवाजवळची चाबी

शामकलानं सुपातले तांदूळ निम्मेच पाखडले होते, तेवढ्यात तिची धाकटी चुलत जाऊ ओमेश्वरी पदराच्या गाठीत मोटारसायकलची चाबी बांधून आली.

"बाई, ठेवा देवाजवळ. आज सौंदडची मंडई, दिवाळीची जत्रा, रातभर नाटक. आमच्या घरच्याचं लक्षन बरं नाई दिसत."

"अवो, सोयर ना आपल्याले! नवेगावच्या जाऊले पोरगा झाला, भुलली का?"

ओमेश्वरीनं कपाळावर हात मारून घेतला. भावकीत बाळ जन्मलं की सोयर फिटेपर्यंत भावकीतल्या कुणीच देवाला शिवायचं नसतं. शामकलाच्या देव्हाऱ्यावरही पडदा ओढलेला होता.

चाबी देवाजवळ ठेवायची ही रीत शामकलाचीच. त्याआधी ती चार बायका घेऊन दारूवाल्याकडे गेली, सरपंचाकडेही गेली. सरपंच हसला, "सनावाराले पेतेच मानूस." मग दोन हजार तीनच्या होळीला तिनं आपल्या नवऱ्याची, योगराजची, चाबी देवीच्या पायाशी ठेवून दिली. पिऊन आलेला योगराज देव्हाऱ्यापुढे घुटमळला, बडबडला. पण दारूच्या तोंडानं देवीपुढचं उचलायची त्याची छाती झाली नाही. तेव्हापासून सण आला की गल्लीतल्या बायका चाब्या आणून देत. माणसं टोमणे मारत, "काऊन वहिनी, देवी लायसन काढून राहिली का?" आणि मुकाट पायी जात.

"धानाच्या कोठीत टाका ना मंग," ओमेश्वरी म्हणाली.

"लपवलेली चाबी मानूस हुडकते, बाई. देवाजवळची समोर दिसते, तरी हात नाई लागत."

बाहेर ओट्यावर योगराज आणि ओमेश्वरीचा नवरा गोवर्धन पुतण्या झाल्याच्या आनंदात दुपारपासूनच पीत बसले होते. "चाबी आन वो!" योगराजनं हाक मारली.

शामकलानं खुंटीवरची चाबी काढली, ओमेश्वरीचीही मुठीत घेतली आणि पडद्यापाशी गेली. एका पोराच्या जन्माचा विटाळ, एवढ्यानं का कोपते माय? एकदाच पडदा सारायचा होता. हात पुढे झाला, आणि थांबला. ज्या धाकानं इतके दिवस नवऱ्याचा हात अडवला, त्यानंच आज तिचा अडवला.

योगराज आत आला. तिला पडद्यापाशी तशी उभी पाहून त्याला हसू फुटलं.

"आज तं देवीले सुट्टी!"

"पायी जा ना जी. तुमी दोघंबी पेऊन आहा."

"पुतन्या झाला आन् पायी जाऊ? लोक हासतील." त्यानं तिच्या मुठीतून एक चाबी काढून घेतली. "एकच गाडी नेतो. पेट्रोल वाचते."

गोवर्धन मागे बसला. दोघी दारात उभ्या राहिल्या.

दिवेलागणीला दुकानदार दुलीचंद सायकल टाकून धावत आत आला. तांदूळ अजून सुपातच होते.

"वहिनी, नहराच्या पुलावरून गाडी खाली गेली. योगराजचा पाय मोडला. गोवर्धन डोळेच उघडून नाई राहिला. गोंदियाले नेऊन राहिले दोघांलेबी."

शामकलानं लांबूनच पडद्याकडे हात जोडले. काय मागावं, सुचेना.

"ओमेश्वरीले कोन सांगते?" दुलीचंदनं विचारलं.

शामकलानं डोक्यावर पदर घेतला आणि ती ओमेश्वरीला सांगायला निघाली.