मोडलेली भेंडी

आमच्या कोपऱ्यावरचं सुपरमार्केट बंद झालं तेव्हा मुलगा म्हणाला, "त्यात काय बाबा, शनिवारी गाडीने जाऊन आठवड्याचं आणू." गाडी त्याची, शनिवार त्याचा. पण डायबेटिस माझ्या बायकोला आहे, आणि तो शनिवारची वाट बघत बसत नाही.

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन शहराच्या या भागात भाडं कमी, म्हणून आम्ही इथे. दुकान गेल्यावर उरलं काय, तर एक टपरी आणि पेट्रोल पंप. तिथे बिअर मिळते, चिप्स मिळतात, गोठवलेला पिझ्झा मिळतो. हिरवं पान औषधालाही नाही. शनिवारचा पालक मंगळवारपर्यंत फ्रिजमध्ये काळा पडायचा, मग ही बटाटा आणि पाव खायची. साखर चढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज भाजी खा. मुलगा म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, मी तेच सांगतोय." सांगायला काय जातं!

मंगळवारी पिशवी उचलली आणि निघालो. मी चौथी शिकलेला, इथल्या पाट्या मला वाचता येत नाहीत. पण ट्रॅम नदी ओलांडते, पलीकडे मानहाइम, आणि थांब्यासमोर एका तुर्काचं भाजीचं दुकान आहे, एवढं मुलाबरोबर जाऊन ठाऊक होतं. तेवढं पुरतं.

दुकानात भेंडीचा ढीग. मी एकेक उचलून टोक मोडत गेलो. कट्कन मोडली तर कोवळी, नुसती वाकली तर जून. भेंडी अशीच घेतात. तर दुकानदार ओरडतच आला. "नाइन! नाइन!" म्हणजे नाही, नाही; एवढं जर्मन मलाही कळतं. मोडकी भेंडी माझ्या नाकापुढे नाचवली. लोक बघायला लागले. मी जागचा हललो नाही. मोडलेल्या सगळ्या पिशवीत भरल्या आणि मराठीतच ठणकावलं, "अरे बाबा, मला मोडलेल्याच हव्यात. वाकलेल्या ठेव तुला." त्याने कपाळावर हात मारला आणि वजन केलं. वर मी पालकाची जुडी घेतली.

घरी आलो तर मुलगा दारात उभा. "बाबा, फोन तरी न्यायचा! पडला असतात म्हणजे?"

"पडलो असतो तर उठलो असतो."

"अहो, कशाला चिडवता त्याला," ही आतून म्हणाली. पण तोवर तिने भेंडी ओट्यावर ओतलीसुद्धा होती. "अगंबाई, टोकं काढूनच आणलीत की!"

त्या दिवशी तिच्या ताटात पाव नव्हता. मुलगाही जेवला, दोनदा भाजी घेऊन.

पुढच्या मंगळवारी निघालो तर खालच्या मजल्यावरची जर्मन म्हातारी जिन्यात उभी. गेल्या खेपेला माझ्या पिशवीतला पालक तिने बघितला होता. तिचे गुडघे गेलेले, तिच्याही नशिबी ती टपरीच. तिने आपली कापडी पिशवी माझ्या हातात दिली आणि बोटं पसरून पानांची खूण केली. कळलं मला.

येताना दोन पिशव्या बघून मुलगा म्हणाला, "आता लोकांचंही आणणार का?"

"आणणार. शनिवार तुझा, तो तुला लखलाभ. मंगळवार माझा."