बॉल आत होता

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ चष्मेवाला आहे. डोळे तपासणं, काच घासणं, फ्रेमचा स्क्रू पिळणं, सगळं स्वतः करतो. गिऱ्हाईक आरशात बघत असताना त्याच्या नाकाबद्दल एखादं तिरकस वाक्यही टाकतो. तरी दुकान चालतं, कारण त्याचा नंबर चुकत नाही.

रोज सकाळी सहा ते आठ तो टेनिस खेळतो. देशाच्या संघातून एकदा तरी कोर्टवर उतरायचं, ही इच्छा त्याने कधी लपवली नाही. बाकी सगळं तो चिडून बोलतो, हे मात्र साधेपणाने सांगतो. ही गोष्ट घडली त्या वर्षी तो सदतीस वर्षांचा होता. या वयाला लोक सिंगल्स सोडून चालायला लागतात.

मी टेनिस संघटनेचा कार्यालय सचिव. खेळाडू निवडणं हे निवड समितीचं काम. निवडलेला खेळाडू नियमात बसतो की नाही, हे बघणं माझं. त्याचं वय, त्याची कागदपत्रं, वर्षभरात तो किती स्पर्धा खेळला आणि त्याचा अर्ज मुदतीत आला का, एवढंच मी बघतो. खेळ कसा आहे हे मला कोणी विचारत नाही आणि मीही सांगायला जात नाही.

त्या वर्षाच्या अकरा वर्षं आधी संघातल्या शेवटच्या जागेसाठी चाचणीचा सामना झाला होता. मेहुण्यासमोर होता एक मोजणीदार, म्हणजे जमिनीच्या हद्दी मोजून देणारा सरकारी माणूस. सामना मागच्या कोर्टवर होता आणि पंच नव्हता. अशा वेळी आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. शेवटच्या गुणाला मेहुण्याने मारलेला बॉल मोजणीदाराच्या मागच्या रेषेवर पडला. मोजणीदाराने बोट वर केलं आणि म्हणाला, बाहेर. मेहुणा नेटपर्यंत धावत गेला. दिवसभर हद्दी मोजणाऱ्याला चार बोटं रुंद रेषा दिसत नाही का, असं त्याने विचारलं. यावर मोजणीदाराने त्याला दुकानातला एखादा चष्मा स्वतः लावून बघायला सांगितलं.

मोजणीदार संघात गेला, राखीव म्हणून. पाच दिवस बाकावर बसला आणि परत आला. त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

दोन वर्षांनी क्लबच्या डबल्स स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरवल्या, त्यात नेमके हे दोघे एकत्र आले. दोघांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या. दोन्ही फेटाळल्या गेल्या आणि दोघांनी स्पर्धा जिंकली. दुसऱ्या जोडीदाराबरोबर खेळले की दोघेही हरायचे, म्हणून जोडी टिकली. अबोलाही टिकला. डबल्समध्ये नेटजवळचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, आपण कुठल्या बाजूला सरकणार ते सर्व्हिस करणाऱ्याला कळावं म्हणून. नऊ वर्षं या दोघांचं सगळं संभाषण त्या बोटांवर चाललं. सामना संपला की दोघे दोन फाटकांनी बाहेर पडायचे.

त्या वर्षी त्यांनी सगळ्या तरुण जोड्यांना धूळ चारली आणि समितीला नाइलाजाने त्यांना निवडावं लागलं. दोन सिंगल्सवाले आणि ही एक जोडी. जोडीची निवड जोडी म्हणूनच होते, त्यातला एकटा जाऊ शकत नाही. म्हणून त्यांचा पात्रतेचा अर्जही एकच असतो. एक कागद, त्यावर दोन सह्या, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कार्यालयात. मी तो कागद सोमवारी मोजणीदाराच्या पत्त्यावर पाठवला. यादीत त्याचं नाव वर होतं, एवढंच कारण.

मोजणीदाराने सोमवारीच सही केली. मग तो थांबला. ज्याला गरज आहे तो मागायला येईल, असं त्याचं म्हणणं. इकडे मेहुण्याला कागद कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. मंगळवारी तो बहिणीला म्हणाला, "त्याचे पाय काय झिजलेत? येईल चालत." बुधवारी सकाळी दोघे दीड तास एकत्र खेळले, अर्जाचा अ कोणी काढला नाही. गुरुवारीही तेच. मला हे बायकोकडून कळत होतं. तिने मला मध्ये पडायला सांगितलं. मी म्हटलं, फाटकातून आत येईल तो कागद माझा, बाहेरचा माझा नाही.

शुक्रवारी सव्वाचारला मोजणीदार दुकानात आला. माझी बायको तिथेच होती, चष्म्याची दांडी बसवून घेत होती. पुढचं सगळं तिने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मेहुणा एका आजोबांचे डोळे तपासत होता. त्याने वर पाहिलं आणि आजोबांना सगळी अक्षरं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. मोजणीदार गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि कागद काउंटरवर ठेवून भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, तुमच्या भावाला सांगा, सही करायची आहे."

"ताई, त्याला सांग, मला दिसतंय. मला सगळं दिसतं. तेव्हाही दिसलं होतं."

आजोबा गेले तेव्हा साडेचार वाजले होते. दुकानापासून आमचं कार्यालय स्कूटरवर दहा मिनिटं. मेहुण्याने कागद पुढे ओढला, वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन तसंच हातात धरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो त्याच्याशी थेट बोलला.

"आधी सांग, बॉल आत होता."

"बाहेर होता."

"मग बस इथेच."

बायको म्हणते, ती दोघांवर ओरडली, घड्याळाकडे बोट दाखवलं, भावाचा दंड धरून हलवला. मेहुणा म्हणाला, "ताई, तू यात पडू नकोस." मोजणीदाराने एकदा उठून दारापर्यंत जाऊन पाहिलं. स्कूटरची किल्ली खिशातून काढली, परत खिशात टाकली आणि येऊन बसला. पावणेपाच झाले. मग तो काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाला, "आत होता."

"आता कळलं?"

"तेव्हाच कळलं होतं. रेषेवर पडला होता. मला जायचं होतं संघात."

"आणि जाऊन काय केलंस?"

"बाकावर बसलो. तुला माहीत आहे."

बायकोला वाटलं, सुटलो. पण मेहुण्याने नंबर लिहून द्यायचं पॅड त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "लिहून दे. तारीख घाल. खाली सही कर." मोजणीदाराने त्याला एक शिवी दिली, ती बायकोने मला सांगितली नाही. मग लिहायला घेतलं. मेहुण्याने ते वाचलं आणि 'बॉल' कोणाचा ते लिहिलं नाहीस म्हणून दुसरा कागद लिहायला लावला. दुसरा कागद खिशात गेला तेव्हाच अर्जावर सही झाली. तोवर पाचला दोन मिनिटं कमी होती.

ते माझ्या टेबलापुढे उभे राहिले तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. दोघेही धापा टाकत होते. मी अर्ज हातात घेतला, सह्या पाहिल्या, त्यावर 'मुदतीनंतर' असा शिक्का मारला आणि परत दिला.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आठ मिनिटं."

आदल्या वर्षी एका मुलीचा अर्ज सहा मिनिटं उशिरा आला होता. तिचे वडील याच टेबलापुढे हात जोडून उभे होते. तो अर्ज मी परत केला होता. आज मेहुण्याचा घेतला असता, तर त्या माणसाला रस्त्यात काय तोंड दाखवलं असतं? हे मी दोघांना सांगितलं. मोजणीदार म्हणाला, "तुमचं तोंड कोणाला बघायचंय?" मेहुणा हसला नाही, पण मोजणीदाराच्या बाजूला जरा सरकून उभा राहिला. अध्यक्षांकडे दाद मागितली गेली. अध्यक्ष मला म्हणाले, घ्या हो, काय बिघडतं. मी नियम वाचून दाखवला आणि लेखी आदेश द्या म्हटलं. लेखी त्यांनी काही दिलं नाही. त्या जागी दुसरी जोडी गेली आणि पहिल्याच सामन्यात हरली. त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.

त्या संध्याकाळी दोघे एकाच फाटकाने बाहेर पडले. फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत आणि टपरीवर तासभर त्यांनी मला शिव्या घातल्या, हे मला टपरीवाल्याने सांगितलं. तेव्हापासून दोघे बोलतात. कोर्टवर तर इतकं बोलतात की खेळाकडे लक्ष नसतं. पुढच्या वर्षीच्या निवड स्पर्धेत ते दुसऱ्या फेरीत गारद झाले आणि हरल्यावरही बोलत बाहेर आले. मी जवळून गेलो की गप्प होतात. संघाचं म्हणाल तर तो दरवाजा मेहुण्यासाठी कायमचा बंद झाला. तो आता बेचाळीसचा आहे. मोजणीदाराने लिहून दिलेला कागद त्याने काउंटरच्या काचेखाली लावला आहे. कोणी विचारलं तर गोष्ट सांगतो, आणि ती माझ्या शिक्क्यावर संपवतो. पेन कोणी किती वेळ हातात धरून ठेवलं होतं, ते त्यात येत नाही. मीही कधी काढलेलं नाही.

गेल्या महिन्यात माझा चष्मा बदलायला झाला. दुसरीकडे जातो म्हटलं, तर बायको म्हणाली, त्याच्यासारखा नंबर कोणी काढत नाही. गेलो. त्याने मला खुर्चीत बसवलं, जड फ्रेम नाकावर चढवली आणि तक्त्याशेजारी जाऊन उभा राहिला. तोंडातून शब्द नाही. एक बोट म्हणजे पहिली ओळ, दोन म्हणजे दुसरी. काच बदलली की तळहात आधी सरळ, मग उलटा करायचा, म्हणजे आधीची बरी की आत्ताची, हे मी सांगायचं. चौथ्या ओळीला मी अडखळलो. त्याने चार बोटं तशीच वर धरून ठेवली, मी बरोबर वाचेपर्यंत.