चॉकलेटी ठिपका

लेबल चॉकलेटी रंगात छापायचं मी ठरवलं. एकाच रंगात, कारण दुसऱ्या रंगाचे पैसे वेगळे पडतात. आणि चॉकलेटी, कारण शेंगदाण्याच्या चटणीला तो शोभतो असं मला त्या दिवशी छापखान्यात उभं असताना वाटलं. माझ्या सौंदर्यदृष्टीला असे झटके क्वचित येतात, पण येतात तेव्हा घरादाराला पुरून उरतात.

छापखान्याचे चाचा तीन पिढ्यांपासून नांदेडात लग्नपत्रिका छापणाऱ्या घरातले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नमुन्यावर बोट ठेवलं.

"साब, हा टिपका हिरवा राहतो ना? शाकाहारीवाला?"

"चाचा, चौकोन आहे, चौकोनात ठिपका आहे. झालं की. रंगाचं कोण बघतंय?"

"नाही, तुम्हीच त्या ऑफिसात हाव, म्हणून विचारलं."

"म्हणूनच सांगतोय."

हे शेवटचे दोन शब्द मला पुढे फार महागात पडले.

मी त्या ऑफिसात आहे, म्हणजे साहेब वगैरे नाही. खाण्यापिण्याच्या वस्तूंवर नजर ठेवणारं जे सरकारी खातं आहे, त्यात वरिष्ठ लिपिक. नियम दिल्लीत होतात. तिथलं प्राधिकरण देशभरासाठी ठरवतं की पाकिटावर काय लिहायचं, किती मोठ्या अक्षरात लिहायचं, तेलात काय असावं आणि दुधात काय नसावं. ते ठरलं की मेल येते, मेलची प्रिंट निघते आणि प्रिंट माझ्या टेबलावर येऊन पडते. नमुने घ्यायला, दुकानं तपासायला अधिकारी जातात. मी अर्ज बघतो, लेबलं बघतो आणि त्रुटीपत्र काढतो. आधी लातूरला, मग नांदेडला, अशी बावीस वर्षं मी लोकांच्या चुका लाल शाईने गोल करत आलोय. 'निव्वळ वजन दर्शविलेले नाही.' 'उत्पादनाची तारीख अस्पष्ट आहे.' 'शाकाहारी चिन्ह विहित रंगात नाही.' होय, हेसुद्धा. हे वाक्य मी झोपेतही टाइप करू शकतो.

वर आणखी गंमत म्हणजे, मांसाहारी पदार्थाचा पूर्वी तपकिरी गोल ठिपका असायचा. ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांची फसगत व्हायची, म्हणून दिल्लीने गोलाचा त्रिकोण केला. शाकाहारी हिरवा गोल, मांसाहारी तपकिरी त्रिकोण. ते परिपत्रक तालुक्यातालुक्याला मीच पाठवलं होतं. पाठवलं होतं, वाचलं होतं असा माझा दावा नाही. बावीस वर्षांनंतर माणूस कागद वाचत नाही, फक्त पुढे सरकवतो.

चटणी बायकोची. तिचं माहेर लातूरजवळचं मुरुड, आणि तिकडे सासूबाई शेंगदाण्याची चटणी अशी कुटायच्या की तेल सुटून गोळा व्हायचा. नांदेडला आल्यावर हिने शेजारपाजारी देता देता ती विकायला सुरुवात केली. रीतसर नोंदणी केली, चौदा आकडी नंबर आला, तो तिने देवघराशेजारी कॅलेंडरवर लिहून ठेवला. त्या वर्षी माहूरहून पहिली मोठी मागणी आली. गडाच्या पायऱ्यांशी पूजेच्या साहित्याचं दुकान असलेला एक माणूस. नऊ दिवसांचे उपवास करणारी माणसं गडावर मुक्कामाला असतात, त्यांच्यासाठी उपवासाची चटणी हवी होती, लसणाशिवायची. तीनशे पाकिटं. विकली गेली तर दरवर्षीचं गिऱ्हाईक.

हिने पितरपाटा संपताच स्वयंपाकघर धुऊन काढलं. लसणाची टोपली बाल्कनीत नेऊन ठेवली, उखळ तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं, सैंधव वेगळं आणलं. लेबलं मी आणली. चिकटवताना ती म्हणाली, "रंग लई उदास वाटतोय हो."

"क्लास म्हणतात त्याला."

"तुम्ही बघितलंय ना सगळं?"

"बघितलंय."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पोती एसटीने गेली. तिसऱ्या माळेला दुकानदाराचा फोन आला. मी ऑफिसातून नुकताच येऊन पाय वर करून बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

"ताई, चटणीत काय टाकलंय तुम्ही?"

"शेंगदाणे, मिरची, जिरं, सैंधव. का हो?"

"मग पाकिटावर मटणाचा ठिपका काऊन लावला? एक म्हातारी सकाळपासून माझ्या दुकानासमोर बसून राहिली. म्हणते माझा उपास मोडला. लोक जमून राहिले, ताई. मी सगळा माल आत ठेवून देला."

हिने पाकीट उचललं, खिडकीशी नेलं, ठिपका बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी पाय खाली घेतले.

"नव्या नियमाप्रमाणे मांसाहाराचा त्रिकोण असतो," मी म्हणालो. "हा गोल आहे. म्हणजे तसा हा मांसाहारी नाहीच."

"मग शाकाहारी हाय का?"

"तसा नाही."

"मग काय हाय?"

"तसं बघितलं तर काहीच नाही."

"वा," ती म्हणाली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही माहूरला निघालो. साहेबांना कारण सांगितलं 'देवदर्शन'. ते म्हणाले, माझ्यासाठी तांबुलाचा प्रसाद आणा. मी हो म्हणालो. मी सगळ्यांनाच हो म्हणतो. भावाने गाडी मागितली, हो. मेहुण्याने जामीन राहा म्हटलं, हो. साहेबांनी रविवारी या म्हटलं, हो. 'नाही' हा शब्द मी फक्त कागदावर वापरतो, आणि तोही साहेबांच्या सहीने.

गाडीत गर्दी होती. चार तास मी एका पायावर आणि ती खिडकीकडे तोंड करून. उपवासाने तिचं तोंड सुकलेलं. मी केळी पुढे केली तर म्हणाली, "आधी बघा त्यावर ठिपका कोणता हाय."

म्हातारी खरंच बसलेली होती. दुकानाच्या पायरीवर, शेजारी एक बोचकं, मांडीवर आमचं फोडलेलं पाकीट. हदगावकडच्या कुठल्याशा खेड्यातली. पुढचे सगळे दात गेलेले, म्हणूनच मऊ चटणी घेतली असणार. दोन दिवस भगरीबरोबर खाल्ली, आणि तिसऱ्या दिवशी पाकीट दुमडताना ठिपका दिसला.

"मला वाचाया येत न्हाई," तिने आम्हाला सांगितलं. आवाजात भांडण नव्हतं, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. "सुनेनं शिकवलंय. हिरवा टिपका आसंल तर खायचं, दुसरा आसंल तर ठिवून द्यायचं. अकरा वरसं झाली माझ्या नऊ दिसांला. लेकाच्या पायासाठी बोलले हुते. आता मला एवढंच सांगा, ह्यात काय हाय?"

दुकानदार माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडातून निघालं, "आजी, तांत्रिक चूक आहे."

"म्हंजी काय टाकलंय?"

हिने मला बाजूला सारलं. माझ्या आयुष्यातली बरीच कामं अशीच मार्गी लागली आहेत. ती म्हातारीच्या शेजारी पायरीवर बसली, गडाकडे बघून हात जोडले, आणि त्याच फोडलेल्या पाकिटातून चिमूटभर चटणी उचलून तोंडात टाकली.

"माझे बी नऊ दिवस हायेत, आजी. घट बसलाय घरी. माझ्या हातानं कुटलीय. शेंगा, मिरची, जिरं, सैंधव. दुसरं काही असतं तर मी खाल्ली असती का?"

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. गिळेपर्यंत बघितलं.

"खाल्लीस," ती शेवटी म्हणाली.

"खाल्ली."

"मग माझं मोडलं न्हाई."

"न्हाई मोडलं."

म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि लगेच, त्याच दमात विचारलं, "मग बाई, टिपका खोटा का गं लावला?"

हिने नुसतं बोट केलं. माझ्याकडे.

"ह्यो कोण?"

"नवरा."

"काय करतोय?"

दुकानदाराला हे फोनवर कळलेलं होतं आणि त्याने ते आनंदाने सांगितलं, "हे असे ठिपके तपासायच्या ऑफिसात हायेत, आजी."

म्हातारी हसली नाही. मला वाटतं तिला ते खरं वाटलं नाही. उरलेली चटणी तिने बोचक्यात ठेवली, पाकीट नव्हे, फक्त चटणी, एका पानात बांधून. पाकीट माझ्या हातात दिलं आणि हळूहळू पायऱ्यांकडे गेली.

आता प्रश्न उरलेल्या पाकिटांचा. चाळीसेक विकली गेली होती. त्यांचं कोणी विचारायला आलं तर पैसे परत द्यायचे आणि खरं काय ते सांगायचं, असं दुकानदाराने कबूल केलं. बाकीची दोनशे साठ आतल्या खोलीत होती. तो हिशोबी पण भला माणूस. आत गेला आणि बांगड्यांच्या कप्प्यातून टिकल्यांच्या पाकिटांचा गठ्ठाच घेऊन आला. हिरव्या. गोल. बरोबर त्या ठिपक्याएवढ्या.

"ताई, हे बघा. एकेक टिकली चिकटवून देऊ. आपण तिघं बसलो तर अर्ध्या तासाचं काम. चटणी तर चोखच हाय ना? मग खोटं काय त्यात?"

हिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. तिने एक टिकली काढून ठिपक्यावर लावली. चपखल बसली. खरं सांगतो, चाचांनी छापली असती त्यापेक्षा सुबक दिसत होती.

"नाही," मी म्हणालो.

दोघांनी वळून बघितलं. मीही जवळजवळ वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

"काऊन नाही, साहेब?"

मला नियम सांगता आला असता. पाकिटावरची खूण अशी झाकायची नसते, यावर मी स्वतः किती त्रुटीपत्रं काढलीत. पण खरं म्हणजे तेव्हा नियम आठवला नाही. हातात म्हातारीने दिलेलं ते रिकामं पाकीट होतं, आणि डोक्यात एवढंच की उद्या तिच्यासारखी दुसरी कोणी येईल, घाम पुसलेल्या बोटाने पाकीट धरेल, टिकली निघून येईल आणि खालून हा चॉकलेटी ठिपका निघेल. मग ती कशावर विश्वास ठेवणार? तिला वाचता येत नाही. दिल्लीपासून माझ्या टेबलापर्यंतचा सगळा कागद तिच्यापर्यंत पोचतो तो एवढाच, ज्वारीच्या दाण्याएवढा.

यातलं काहीही मला नीट बोलता आलं नाही. मी म्हणालो, "टिकली निघते."

"डिंक लावू."

"नाही."

"अहो," ही हळू आवाजात म्हणाली. ती हळू बोलते तेव्हा जास्त रागात असते. "इथनं सगळं परत न्यायचं? लेबलं सोलायची, नवी लावायची? कधी? घट उठेल तोवर."

"नेऊ."

"तुमच्या ऑफिसातलं कोणी इथं बघायला येणार हाय का?"

"कोणी नाही येणार. एक अधिकारी आणि इतके तालुके. कोण येतंय."

"मग?"

"मग नाही," मी म्हणालो. 

दुकानदाराने टिकल्या परत कप्प्यात ठेवल्या. "अष्टमीच्या आत नवा माल आला तर लावतो, ताई. नाही तर पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे ज्याने अर्ज निकाली काढलेत त्याला सांगावं लागत नाही.

दर्शनाला वर जायची ताकद माझ्या गुडघ्यांत नव्हती आणि तिच्या पोटात नव्हती. तिने खालूनच हात जोडले. साहेबांचा तांबूल मात्र मी आठवणीने घेतला. परतीच्या गाडीत दोन पोती पायाशी. कंडक्टरने पोत्यावर बूट आपटून विचारलं, "काय हाय?" मी म्हणालो, "चटणी." तो म्हणाला, "माहूरला लोक रिकामे येतात आणि प्रसाद घेऊन जातात, तुम्ही उलटं करून राहिले," आणि सामानाचं तिकीट फाडलं.

किनवट गेलं. हिमायतनगर गेलं. बाहेर कापसाची शेतं, कडेला सोयाबीनच्या गंज्या, आणि माझ्या घोट्यांना शेंगदाण्याच्या तेलाचा वास. मी मनातल्या मनात चाचांशी बोलायची तयारी करत होतो. पहिलं वाक्य जमत नव्हतं. 'म्हणूनच सांगतोय' नंतर काय सांगणार?

भोकरच्या अलीकडे गाडी जरा मोकळी झाली. तिला खिडकीशेजारी नीट बसता आलं. तिने पदराने तोंड पुसलं, पोत्यावर पाय टेकवले आणि समोर बघतच म्हणाली,

"बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी तोंडावर नाही म्हणालात. ते बी माझ्याच चटणीला."

 तिने केळं मागितलं, सोललं, अर्धं मला दिलं.

"उद्या चाचांकडे मी जाते," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसला जा. आणि लेबलं सोलायला संध्याकाळी वेळेवर या."