आईंचा एकुलता एक फोटो

माझी धाकटी जाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासते. फिरत्या दगडावर काच धरायची, पाण्याची धार सोडायची आणि फ्रेमच्या मापाची होईपर्यंत फिरवत राहायचं, हे तिचं काम. बोटांच्या टोकांना कायम बारीक चिरा असतात. समोरचा माणूस कितीही मोठा असो, ही आधी त्याचं नाक बघते, कारण चष्मा तिथेच बसायचा असतो.

ती घरात आली अकरा वर्षांपूर्वी. तोवर मी नुसती सूनबाई होते. ती आली त्या दिवसापासून मी ‘मोठी’ झाले. माणूस एका दिवसात म्हातारं होतं ते असं.

तिच्या हाताला चव नाही. भाजीत मीठ विसरते आणि मग वरून घालून चमच्याने ढवळते, तरी आई, म्हणजे आमच्या सासूबाई, ती निमूट खायच्या. माझ्या पोळीचा काठ जरा कडक झाला तर मात्र ताटाच्या कडेला काढून ठेवलेला असायचा. हे मी आजच लिहीत नाही, रोजच्या वहीत याच्या नोंदी जागोजागी आहेत. देवापुढे बसल्यावर मन स्वच्छ असावं म्हणून मी सगळं आधी वहीत ओतून टाकते. पण काही डाग धुऊनही जात नाहीत.

त्यातला मोठा डाग चष्म्याचा. आईंना प्रार्थनेचं पुस्तक दिसत नसे, म्हणून पंधरा वर्षं पहाटे मी त्यांना ते वाचून दाखवत होते. आई माळ ओढायच्या, मी वाचायची. त्या अर्ध्या तासात त्या माझ्या होत्या. धाकटी आली आणि तिसऱ्या महिन्यात तिने दुकानातून आईंसाठी चष्मा करून आणला. आईंनी पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, “अगं, अक्षर किती ठसठशीत आहे. मोठे, उद्यापासून तू आपली पोळ्यांना लाग.” आईंना दिसायला लागलं आणि मी दिसेनाशी झाले.

गेल्या वर्षी तिने कॅमेरा घेतला. ज्याचं भिंग काढून दुसरं लावता येतं, त्या जातीतला सगळ्यात साधा. सुट्टीच्या दिवशी ती तो गळ्यात अडकवून घरभर हिंडायची. कधी कढईची वाफ, कधी खिडकीतली मांजर. स्वयंपाकघरातले फोटो पिवळट यायचे आणि त्यांवर वाळू भुरभुरल्यासारखी दिसायची.

“हे काय पडलंय यावर?” मी विचारलं.

“दाणे म्हणतात ताई त्याला. उजेड कमी पडला की कॅमेऱ्याची नजर ताणावी लागते. हे बघा, हा आयएसओ. हे बटण दाबून चाक फिरवलं की आकडा चढतो. आकडा जितका वर, तितकं अंधारातलं दिसतं, पण तितके दाणे.”

“आणि चढवला नाही तर?”

“तर भिंगामागचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. माझ्या भिंगाचं तोंड बारीक आहे ना, उजेड आत घोटाघोटाने जातो.”

तिने मला सगळं समजावून दिलं, बटण दाबायला लावलं, चाक फिरवायला लावलं. मला या घरात कुणी काही समजावून सांगायची ती पहिलीच वेळ असेल. तेही तिनेच सांगावं, हे त्या रात्री वहीत गेलं.

मग नवं भिंग घ्यायचं निघालं. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, लांबचं दाखवणारं हवं होतं, हातभर नळकांडं. ती मला दुकानात घेऊन गेली. “ताई, तुम्ही चला. तुमचा हात स्थिर आहे, धरून बघायला बरं.” दुकानदाराने दोन्ही काढून ठेवली. एक ते नळकांडं, दुसरं पेढीच्या शिक्क्याएवढं आखूड, पन्नास मिलिमीटरचं. त्याने जवळ-लांब काही होत नाही.

“मग जवळचं कसं काढायचं?” मी म्हटलं.

“पायांनी,” दुकानदार म्हणाला. “दोन पावलं पुढे जायचं. बाकी सगळं भिंग करतं, चालायचं तेवढं गिऱ्हाइकाने.”

धाकटीने दोन्ही भिंगं डोळ्यापुढे धरून उजेडाकडे पाहिली, अगदी चष्म्याची काच बघते तशी. “लांबचं बघायला मला जायचंय कुठे? माझं सगळं घरातच आहे. हे आखूड तोंड मोठं उघडतं. घरातल्या उजेडाला हेच.” तिने आखूड घेतलं. भाऊजी आठवडाभर म्हणत होते, “बायको एक मागते आणि दुकानदार अर्धं देतो.” ती नुसती हसायची. तिला टोमणा लागतच नाही. मला लागतात, दुसऱ्याला मारलेलेसुद्धा.

याच सुमाराला ठरलं की आई आमच्या नणंदेकडे राहायला जाणार. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आईंचे गुडघे संपलेले. नणंदेचं घर तळमजल्यावर आहे. थोड्या दिवसांसाठी नव्हे, कायमचंच. आणि घरात आईंचा धड एक फोटो नव्हता. ओळखपत्रावर होता, त्यात डोळे अर्धे मिटलेले. चार वर्षांपूर्वी मी माझ्या फोनवर काढायला गेले तर त्यांनी तोंडापुढे तळहात धरला होता. “मेल्यावर काढ,” म्हणाल्या होत्या.

धाकटीला मात्र त्या हो म्हणाल्या. मी भांडी विसळत ऐकत होते.

“एकदाच हं धाकटे. पहाटे प्रार्थनेला बसले असताना. तो लखकन उजेड पाडायचा नाही, माझी प्रार्थना मोडायची नाही. चुकला तर चुकला. दुसऱ्यांदा बसायची नाही मी.”

“एकदाच, आई,” ती म्हणाली.

आमची देवाची खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली खिडकी नसलेली जागा. पहाटे तिथे एका दिव्याशिवाय काही नसतं. आदल्या दिवशी धाकटीने सगळी रंगीत तालीम केली. तिपाईवर कॅमेरा बसवला आणि आईंच्या आसनावर मला बसवलं. तिचा बेत असा होता: आयएसओ चारशेवर ठेवायचा, म्हणजे दाणे येणार नाहीत. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं. आणि पडदा किती वेळ उघडा राहायचा ते कॅमेऱ्याने आपलं आपण ठरवायचं. कॅमेऱ्याने अर्धा सेकंद ठरवला.

“श्वास धरा ताई.” कॅमेरा टक म्हणाला, थांबला, मग पुन्हा टक म्हणाला.

तो फोटो मी पाहिला. घडी केलेल्या धुवट कापडासारखा स्वच्छ. एक दाणा नाही. “तुम्ही म्हणजे खांब आहात ताई,” ती खूश होऊन म्हणाली.

त्या जागेवर मी स्वतःला पाहिलं, हातात आईंची माळ, आणि मला वाटलं, झालं, हिने उद्या असाच आईंचा काढला की तो भिंतीवर लागणार. येणारा-जाणारा विचारणार, कुणी काढला? सव्वीस वर्षं पहाटे दिवा लावला मी, त्याचा फोटो निघत नाही.

पहाटे मी नेहमीसारखी आधी उठले. दिवा लावला. तिपाई रात्रीच कॅमेऱ्यासकट मांडून ठेवलेली होती. धाकटी तोंड धुवायला गेली होती, आई खोलीतून भिंत धरत धरत येत होत्या. मी कॅमेऱ्यावरची धूळ पुसायला फडकं घेतलं. धूळ नव्हती. बटण दाबलं आणि चाक फिरवलं. आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे. त्यापुढे ते जाईना. देवाकडे पाठ होती माझी, म्हणून जमलं.

आई बसल्या, चष्मा लावला, पुस्तक उघडलं, माळ घेतली. धाकटी घाईघाईने आली, भिंगातून फक्त आईंचे डोळे नीट दिसतात का तेवढं पाहिलं आणि बटण दाबलं. एकच टक, लगेच संपलेली. तिने जरा मान वर केली. मी दिव्याची वात सारखी करत होते.

नंतर स्वयंपाकघरात तिने फोटो मोठा करून पाहिला आणि पाटावर खाली बसली.

“चौसष्टशे,” ती म्हणाली. “ताई, मी डोळे मिटून आले होते का? चारशेवर ठेवला होता हो. रात्री तिपाईवर बसवताना अंगठा लागला असेल. बघा ना, पोतंभर वाळू ओतलीय आईंच्या अंगावर.”

“पुन्हा विचार त्यांना.”

“नाही विचारायची. शब्द दिलाय.”

मला आनंद झाला. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. तो दुपारच्या जेवणापर्यंत टिकला. तिने भाजीत मीठ घातलं नाही आणि वरूनही घातलं नाही, तेव्हा संपला.

धाकटी हात टेकणारी नव्हे. काच तडकली तरी त्यातून लहान काच निघते का बघणारी ती बाई. दोन दिवस भाऊजींच्या संगणकावर बसून ती दाणे काढत होती. पहिल्यांदा तिने सगळेच्या सगळे पुसले. दाण्यांबरोबर सुरकुत्या गेल्या, हनुवटीवरचा तीळ गेला, भुवया गेल्या. आईंना दाखवलं तर चष्मा सारखा करून त्या म्हणाल्या, “ही कुणाची पोर? साबणाची वडी दिसते आहे.”

तेव्हा ती मागे फिरली. फोटोतले लाल-हिरवे ठिपके काढले, मागच्या काळ्या भिंतीवरचे दाणे पुसले, आणि चेहऱ्यावरचे जवळजवळ सगळे राहू दिले. रंग काढून काळापांढरा केला. मोठा छापून, चौकटीत घालून आणला आणि टेबलाला टेकवून ठेवला.

आमचे हे कुणाचं कौतुक करत नाहीत. ते चहा हातात घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले आणि चहा गार झाला. “आईच आहे ही,” म्हणाले.

खरंच होती. चार पावलं मागे गेलं की दाणे दिसेनात. पुटपुटणारे ओठ, चष्म्याच्या काचेत दिव्याची इवलीशी ज्योत, बोटांत धरलेला मणी आणि त्याच्या मागचे सगळे मणी. मोजून घ्या.

“ताई, तुम्हाला एक दाखवते.” धाकटीने कॅमेरा आणला. “काल आई चहा पीत होत्या तेव्हा चारशेवर, अर्धा सेकंद पडदा उघडा ठेवून काढला हा, त्यांच्या नकळत. माझ्या बेताप्रमाणे.”

त्यात आईंचा हात नव्हताच. हाताच्या जागी धूर होता. डोकंही दोनदा दिसत होतं.

“हात थरथरतो हो त्यांचा. मी संध्याकाळी येते तेव्हा त्या आडव्या झालेल्या असतात, माझ्या कधी लक्षातच आलं नाही. आणि तालमीला बसवलं कुणाला, तर खांबाला. आयएसओ वर गेला म्हणून पडदा चटकन मिटला, म्हणून हात आला. दाणे पुसता येतात ताई, हललेला काही करता येत नाही.” मग दिव्याकडे बघून हात जोडले तिने. “आंधळा मागतो एक डोळा. देवानेच फिरवलं चाक.”

आई तेवढ्यात भिंत धरत आत आल्या, शेवटचं तेवढं ऐकून. “त्याला सगळी काळजी असते,” त्या म्हणाल्या.

हात थरथरतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कित्येक वर्षं मी त्यांचा पेला पाऊणच भरते आहे. पण अर्धा सेकंद किती मोठा असतो, ते कुठे ठाऊक होतं? करायला गेले वाईट आणि झालं चांगलं, तर ते चांगलं माझ्या नावावर मागायचं कोणत्या तोंडाने? फोटोचं श्रेय अर्धं धाकटीला गेलं आणि उरलेलं देवाला. जावेचा हेवा करत होते, आता देवाचाही करायची पाळी आली.

आई गेल्या. जिना उतरताना त्यांनी एक हात भाऊजींना दिला आणि एक मला. खाली पोचल्यावर म्हणाल्या, “पोळी जरा कमी भाजत जा.” एवढंच.

धाकटीने तो फोटो देवाच्या खोलीत लावला, माझ्या आसनासमोर. मी आता आईंच्या जागी बसते. तीन दिवस मी पुस्तक वाचत होते आणि आई चष्म्यातून माझ्याकडे बघत होत्या. चार पावलं मागे जायला जागा नाही तिथे. जवळून सगळे दाणे दिसतात.

तिसऱ्या दिवशी ती कामावर निघाली, डबा पिशवीत घालत होती.

“चाक मी फिरवलं होतं,” मी म्हटलं.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. “आईंचा हात हलेल म्हणून?”

हो म्हणायची किती सोपी जागा होती ती. दिवा जळत होता म्हणून म्हटलं नाही. “नाही. दाणे यावेत म्हणून. तुझा फोटो बिघडावा म्हणून.”

तिने डब्याचं झाकण पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. बराच वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिली.

“बत्तीसशेवर थांबायचं होतं,” ती म्हणाली. “निम्मे दाणे आले असते. हातही आला असता बहुतेक.” आणि चपला घालून गेली.

ती रडली असती, भांडली असती तर मी सुटले असते. तिथेही तिचीच सरशी.

संध्याकाळी तिने सगळ्यांना रोजच्यासारखं वाढलं. मला ताई म्हटलं. पण दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्याची पिशवी टेबलावरून हलली आणि माळ्याखालच्या वरच्या फळीवर गेली, जिथे तिचा हात पोचतो आणि माझा पोचत नाही. फक्त फळी बदलली. काल तिने मला खिडकीशी बसवून फोटो काढला, म्हणाली, “ताई, खांबासारख्या बसू नका, जरा हला.” काढून झाल्यावर पिशवी परत वर.

स्टूल स्वयंपाकघरातच असतं. त्यावर चढलं की माझा हात पोचतो, मी एकदा बघून ठेवलं आहे. आजकाल पहाटे आईंसमोर बसून मी देवाकडे दुसरं काही मागत नाही, मला त्या स्टुलावर चढू देऊ नकोस, एवढंच मागते.