आपल्याच बांधीतली धसकटं

माझ्या मुलाने विसाव्या वर्षापर्यंत मन लावून एकच गोष्ट केली, ती म्हणजे झोप. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असताना शेताच्या बांधीत उतर म्हटलं की साहेबांच्या पायाला चिखलाने खाज सुटायची. बी.एस्सी. त्याने ढकलगाडीसारखी केली; ढकलणारे आम्ही, बसणारा हा. पुढे कीटकांचा अभ्यास करायला नागपूरला विद्यापीठात गेला तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. त्यांची पोरं पुण्याच्या काचेच्या कॉलेजांत. आमचे जेठ, म्हणजे मुलाचे मोठे काका, म्हणाले, "सरकारी विद्यापीठात हजारो पोट्टे. तिथं कोण कोणाले विचारते?" जेठ स्वतः दहावीला अडकले ते अडकलेच, पण विद्यापीठांवर बोलताना त्यांची जीभ कधी अडली नाही.

यंदा दिवाळीनंतर गावची मंडई आली. आमच्याकडे मंडईला पाहुण्यांनी घरं भरतात, रात्री नाटक होतं आणि दिवसा लग्नं जुळतात. मुलाच्या बापाने मला न विचारताच तिरोड्याकडचे मुलीवाले बोलावून ठेवले. पोराला आणायचं, लग्न जुळवायचं आणि मामाच्या कृषी केंद्रात गल्ल्यावर बसवायचं, असा बेत.

"तो तिथं झोपाच काढून राहिला असंल," बाप म्हणाला. "जाय, बोऱ्याबिस्तर गुंडाळून घेऊन ये."

माझंही मत वेगळं नव्हतं. पण पोराकडे रिकाम्या हाताने जाववत नाही, म्हणून नव्या तांदळाची थैली घेऊन मी सकाळच्या गाडीत बसले.

होस्टेलवर तो नव्हता. खोलीतला दुसरा मुलगा म्हणाला, "काकू, तो तर दिवसभर लॅबमध्येच असतो." मला हसू आलं. मित्रासाठी खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोलावं.

पण खरंच तो तिथे होता. टेबलावर धानाच्या धसकटांचा ढीग, आणि आमचे चिरंजीव ब्लेडने एकेक धसकट उभं चिरून आतली खोडकिड्याची अळी चिमट्याने अलगद काढत होते.

"माय, थांब जराशी," तो म्हणाला.

त्या जराशात माझी जेवणाची वेळ टळली. त्याचीही टळली, आणि त्याला पत्ता नव्हता. घरी ताट यायला उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा हा मुलगा! मला राग आला. खरं सांगते, बरंही वाटलं, पण ते तोंडाने कबूल करणाऱ्यातली मी नाही.

"धसकटंच चिराची होती तं घरी का कमी होती?" मी म्हटलं.

"घरचीच आहेत. आपल्याच बांधीतली." त्याने मानही वर केली नाही. "मागच्या इतवारी येऊन उपटून नेली."

ते माझ्या जिव्हारी लागलं. बांधीपासून घर हाकेच्या अंतरावर.

"गावात आला अन् घरी नाही आला? काऊन?"

आता त्याने ब्लेड खाली ठेवलं. "आलो असतो तं वापस येऊ देलं असतं का तुमी?"

मुलीवाले तोवर आमच्या ओसरीवर चहा पीत बसले असतील.

"तू कायले आली, माय?" त्याने विचारलं.

मी थैली त्याच्यापुढे सरकवली.

"तांदूळ द्याले," मी म्हटलं.