गवयाकडे पाठ

आमचे आप्पा गाणं ऐकायला बसत ते गवयाकडे पाठ करून. नवख्या गवयाला तो अपमान वाटे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई, कारण शिष्य म्हणून मलाही तसंच बसावं लागे. "तोंड बघशील तर तोंडच शिकशील," ते म्हणत. "गळा कानानं उचलायचा असतोय." त्यांच्या आधीच्या एका शिष्यानं म्हणे ताना सोडून नुसते हातवारे तेवढे उचलले होते.

पेडगावात त्यांचं किराणा दुकान होतं. मी बोरी गावचा, गाणं शिकायला त्यांच्याच घरी राहत होतो, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या हातचं खात होतो. एकोणीस वर्षांचा घोडा झालो तरी आप्पांची भीती जात नव्हती. रागावले की ते आवाज चढवत नसत, उतरवत. ते खर्जात बोलू लागले की समजायचं, आता खैर नाही.

दुसरा नियम त्याहून कडक. गाणं ऐकणाऱ्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. आप्पा रोज सकाळी हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसत, तेव्हा घरात कुणी भांडंही वाजवत नसे. "गाणं म्हंजे तेच हाय," ते सांगत. "मधी हाक मारायलास म्हंजे पूजा मोडायलास." एकदा बैठकीत त्यांच्या मांडीजवळ विंचू निघाला म्हणून मी त्यांचा खांदा हलवला, तर आठ दिवस शिकवणी बंद. "डसला असता तर मला डसला असता," एवढंच बोलले, तेही खर्जात.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. आप्पांचा पुतण्या निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जाऊन मिळाला होता, म्हणून रझाकारांचे बंदूकवाले दोनदा दुकानात चौकशी करून गेले होते. अशात परभणीला एका आडत्याच्या घरी हैदराबादचे खाँसाहेब गाणार असल्याचं कळलं. अक्का म्हणाल्या, "जाऊ नका. दिवस लय वाईट हायत." आप्पा म्हणाले, "ह्यानं मुलतानी राग अजून ऐकला न्हाई." म्हणजे निघाले ते माझ्यासाठी.

अंधार पडल्यावर कुणी बाहेर राहत नसे, म्हणून बैठक दुपारीच होती. सगळे गवयाकडे तोंड करून, आम्ही दोघं दाराकडे. आप्पांचे डोळे मिटलेले. विलंबित ख्याल रंगात आला आणि दारात चार बंदूकवाले उभे राहिले. गाणं संपेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर थांबले. तेवढी अदब त्यांच्याकडेही होती.

खाँसाहेबांनीही त्यांना पाहिलं. पुतण्याची गोष्ट आडत्यानं त्यांच्या कानावर आधीच घातली होती. द्रुत सुरू करायचं सोडून, वेळ काढत ते पुन्हा पुन्हा अस्ताईवर, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीवर, येऊ लागले. मी मान वळवली, तर ते डोळ्यांनी मागचं दार दाखवत होते, आप्पांना. आणि आप्पांची त्यांच्याकडे पाठ. ते खुशीत पुटपुटले, "काय बढत करायलाय बघ."

मला फक्त त्यांचा गुडघा दाबायचा होता. हात उचललाही. मग आप्पांची भीती वाटली की बंदुकीची, हे मी आजही सांगू शकत नाही. हात मागे घेतला आणि सगळ्यांसारखा गवयाकडे तोंड करून बसलो.

गाणं संपलं तेव्हा दाराकडे तोंड असलेला एकच माणूस उरला होता.

"पेडगाव का किराणेवाला?"

"हौ."

"साथ में कौन है?"

आप्पांनी आता डोळे उघडले असणार, आणि शेजारी माझी पाठ पाहिली असणार. "कोई नै," ते म्हणाले. "अकेलाच आया." आवाज खर्जात नव्हता. बंदूकवाले त्यांना घेऊन गेले, तरी मी मान खाली घालून बसून राहिलो.

पुढं राज्य गेलं, तुरुंग उघडले, पुतण्याही परत आला. आप्पा आले नाहीत. मला काही दिसलंच नाही, असं मी अक्कांना तोवर सांगत आलो होतो. एका दुपारी न राहवून खरं सांगितलं, मागे घेतलेल्या हातासकट. अक्कांनी चुलीत लाकूड सारलं. मग "हात धुऊन ये" म्हणाल्या, आणि पुतण्याच्या आधी मला वाढलं.