मिलचं कापड

एक मे आला की आईची बडबड सुरू व्हायची. "या हिंदी मुलखात राहूनसुद्धा गावातली मराठी माणसं आज महाराष्ट्र दिनाचं श्रीखंड खातायत, आणि आमचे हे बंद मिलच्या फाटकाशी ऊन खातायत." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळून निघायचे. मिल बंद पडून जमाना झाला होता. आत झाडं माजली होती, भोंगा कधीच भंगारात गेला होता. तरी उरलेसुरले कामगार फाटकावर लाल झेंडा लावायचे, नारळ फोडायचे, 'जिंदाबाद' म्हणायचे आणि गूळ-फुटाणे वाटून घरी परतायचे. मला त्या फुटाण्यांची ओढ, म्हणून मी जायची. आई एकदाही तिकडे फिरकली नाही.

झेंडा मिलच्याच कापडाचा हवा, हा या मंडळींचा हट्ट. मागच्या वर्षापर्यंत तो पार विरला होता. "यंदा नवा लागेल," बाबा जेवताना पुटपुटले, आणि आईनं ते लक्षात ठेवलं. ट्रंकेच्या तळाशी बाबांनी स्वतः विणलेल्या पांढऱ्या कापडाची घडी होती. झेंड्यासाठीच ठेवलीय, असं तिला वाटलं. गुपचूप भैरवगढच्या रंगाऱ्याकडून तिनं ती घडी पक्क्या लाल रंगात रंगवून आणली आणि मे दिनाच्या आदल्या दिवशी मोठ्या कौतुकानं त्यांच्या पुढ्यात ठेवली.

बाबांनी घडी उलगडून पाहिली. "हे माझं कफन होतं," म्हणाले.

त्यांच्या खात्यातली ही रीत आम्हाला ठाऊकच नव्हती. मागावर काम करणारा प्रत्येक जण आपल्या हातचं कापड शेवटच्या प्रवासासाठी बाजूला ठेवायचा. घरच्या बाईला सांगायचं नाही, अपशकुन होतो. ते कापड ओळखून आधी गेलेले साथी वरच्या फाटकाशी घ्यायला येतात म्हणे. मला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा बघून ते जागच्या जागी विरलं. आता दुसरं कापड येणार कुठून, माग तरी कुठं उरलेत?

"मग बायकोला एका शब्दानं सांगायचं ना," आई कडाडली आणि पदर तोंडाला लावून रडली. बाबांनी त्या कापडाचा झेंडा काही होऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी जुनाच झेंडा लागला आणि लाल घडी परत ट्रंकेत गेली.

थंडीत आई गेली. साधा ताप, तो छातीत उतरला. सवाष्ण गेली, तिला लाल नाहीतर हिरवं वस्त्र हवं. ते माहेरचं असतं, आणि तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, फ्रीगंजच्या बाजारातून साडी मागवू. बाबा उठले आणि त्यांनी ट्रंक उघडली. तिच्या अंगावरसुद्धा मिलच, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या लाल कापडात ती फार छान दिसत होती, हेही खरं.

तेव्हापासून सकाळच्या पाळीच्या वेळेला बाबा उठून दाराशी उभे राहतात. "भोंगा झाला," म्हणतात. "कुठला भोंगा, बाबा? चहा घ्या," असं मी खेकसते. खोटं कशाला बोलू, एकदोनदा मलाही तो ऐकू आला. तेव्हा कप हातातच धरून मी घाबरून उभी राहिले.

एकदा त्यांनी मनातलं सांगितलं. "कापड बघून साथी आले असतील गं. पुढे बघतात तर बाई. एकाही साथीला मी कधी घरी आणलं नाही. कापड ओळखतील, पण तिला कोण ओळखणार? बाहेरच उभी असेल ती."

"असं काही नसतं," मी म्हणाले. पण रोटी लाटताना मला तीच दिसायची, फाटकाबाहेर, उन्हात, कुणाशी काय बोलावं ते न कळून उभी असलेली.

यंदाच्या एक मेला तोच विरलेला झेंडा पुन्हा लागला. नारळ फुटला. मोजकी म्हातारी माणसं घोषणा द्यायला लागली, तसे बाबा पुढे सरकले आणि त्यांनी फाटकाचे गज धरले. कुलूप गंजलेलं, आत चिटपाखरू नाही. पूर्वी फाटकावरच्या चौकीदाराशी बोलायचे तशा अदबीनं ते म्हणाले, "भैया, लाल कपड़े वाली मेरी घरवाली है. उसको अंदर ले लेना."